लॅपटॉप तापतोय: पेस्ट विकत घेण्याआधी उष्णता कुठे अडते ते शोधा

लॅपटॉप तापायला लागला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि त्यावरचा धातू यांच्यामध्ये लावायचा लेप, कुठली घेऊ? मग कोणी एक नाव सुचवतं, कोणी दुसरं, आणि मंडळी हमरीतुमरीवर येतात. खरं तर पेस्टचं नाव ही या कामातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. उष्णता नेमकी कुठे अडते आहे हे आधी कळलं, तर बऱ्याचदा नुसत्या ब्रशवर काम भागतं. आणि पेस्ट बदलावी लागलीच, तरी तिचा थर किती पातळ बसतो यावर निकाल ठरतो, ब्रँडवर नाही.

ज्यांनी आजवर लॅपटॉपचं खालचं झाकण कधी उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. स्क्रू ड्रायव्हर नीट धरता येत असेल आणि घाई नसेल, तर पुढचं बहुतेक सगळं घरी जमण्यासारखं आहे. वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटी मात्र आधी वाचा.

उष्णतेचा रस्ता

डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं टोपण असतं. लॅपटॉपमध्ये ते सहसा नसतं. सिलिकॉनचा चकचकीत तुकडा, म्हणजे डाय, उघडाच असतो. त्यावर पेस्टचा थर, त्यावर हीटसिंकची, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाची, तांब्याची पट्टी, पट्टीला झाळलेली चपटी हीट पाइप, तिच्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी, आणि त्या जाळीतून हवा बाहेर फेकणारा पंखा. या साखळीतली एक कडी जरी ढिली पडली, तरी बाकीच्या कितीही चांगल्या असल्या तरी उपयोग नसतो.

हीट पाइप ही यातली सगळ्यात हुशार वस्तू. दिसायला ती तांब्याची भरीव पट्टी वाटते, पण आतून पोकळ असते. आतली हवा काढून थोडंसं पाणी भरलेलं असतं आणि भिंतींना आतून सच्छिद्र अस्तर असतं. हवाच नसल्यामुळे पाणी १०० अंशांची वाट न बघता कमी तापमानाला वाफ होतं, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून झिरपत परत येते. भरीव तांबं या वेगाच्या जवळपासही पोचत नाही. म्हणूनच ही नळी वाकवू नका, चेपू नका, तिला भोक पाडायचा तर विचारही करू नका. एकदा हवा आत शिरली की ती मेली.

आता पेस्टकडे या. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, चांगल्या पेस्टची ४ ते १२ च्या आसपास आणि हवेची जेमतेम ०.०२६. म्हणजे तांब्यापुढे पेस्ट अगदीच लंगडी, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी. तिचं काम एवढंच, की दोन पृष्ठभागांमधल्या बारीक खळग्यांतून हवेला हुसकावून लावायचं. ते झालं की उरलेली पेस्ट अडथळाच असते.

थोडं गणित करून बघू. डायचं क्षेत्रफळ १५० चौरस मिलिमीटर आणि त्यातून ४५ वॅट उष्णता निघते असं धरा. पेस्टची वाहकता ५ आणि थर ५० मायक्रॉन असेल, तर त्या थरात ३ अंशांचा फरक पडतो. वाहकता १० असलेली महागडी पेस्ट आणली तर दीड अंश. सगळा वाद या दीड अंशासाठी! पण त्याच साध्या पेस्टचा थर २०० मायक्रॉन जाड राहिला, तर १२ अंश जातात. आणि तो जाड थर वाळून त्याची वाहकता २ वर आली, तर ३० अंश. प्रत्यक्षात यात इतर गोष्टीही मिसळतात, पण आकड्यांचा कल हाच राहतो.

झाकण उघडण्याआधी मोजा

विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स पुरेसं आहे. प्रोसेसरवर ताण द्यायला सिनेबेंच किंवा स्ट्रेस-एनजी चालवा, किमान १० मिनिटं. चार गोष्टी लिहून ठेवा: खोलीचं तापमान, प्रोसेसरचं कमाल तापमान, शेवटच्या काही मिनिटांत तो सलग किती वॅट खात होता, आणि थ्रॉटलिंगची, म्हणजे तापल्यामुळे आपोआप वेग कमी झाल्याची, नोंद आली का.

यातला वॅटचा आकडा सगळे विसरतात आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. आजचे प्रोसेसर थोडी जरी मोकळीक मिळाली की लगेच वेग वाढवून ती खर्च करतात. त्यामुळे पेस्ट बदलल्यावरही तापमान ९५ च दिसतं, आणि माणूस म्हणतो, काही उपयोग झाला नाही. पण आधी ९५ अंशांवर तो २८ वॅट टिकवत होता आणि आता ३८ टिकवत असेल, तर काम फत्ते झालेलं आहे. बारीक लॅपटॉपमध्ये पूर्ण ताणाखाली ८५ ते ९५ अंश दिसणं यात घाबरण्यासारखंही काही नाही. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते आणि तिथे पोचले की ते आपणहून वेग कमी करतात.

आता निदान. ताण सुरू केल्यावर तापमान कसं चढतं ते बघा. एक-दोन सेकंदांत ५० वरून ९५ ला उडी मारत असेल, तर उष्णता डायवरून हीटसिंकमध्ये शिरतच नाहीये: पेस्ट वाळलेली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. तेच तापमान पाच-सात मिनिटं हळूहळू चढत राहिलं, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचते आहे, पण बाहेर जात नाही. मग संशय पंख्यावर आणि जाळीवर.

याला जोड म्हणून हवेच्या झडपेपाशी हात धरा. प्रोसेसर ९५ वर आणि बाहेर येणारी हवा भरपूर पण जेमतेम कोमट? दोष पेस्टचा, संपर्काचा किंवा हीट पाइपचा. हवा चटका बसेल इतकी गरम, पण झुळूक अगदी मलूल? धूळ. सेन्सरमध्ये प्रत्येक कोअरचं, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या प्रत्येक विभागाचं, तापमान वेगळं दिसतं तेही पाहा. सगळ्यांवर सारखा ताण असताना एक कोअर दुसऱ्यापेक्षा १५ अंशांनी गरम असेल, तर हीटसिंक बहुधा एका बाजूला कललेला आहे.

एवढं दहा मिनिटांत कळतं, आणि तरीही लोक थेट पेस्ट मागवतात.

उघडताना

तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. लेनोवो, डेल, एचपी अशा कंपन्या बऱ्याच मॉडेलांची मॅन्युअलं मोफत देतात आणि त्यात कुठला स्क्रू कुठे आहे हे चित्रासकट असतं. लॅपटॉप बंद करताना नुसता झाकू नका, पूर्ण शटडाउन करा, चार्जर काढा. काही स्क्रू रबरी पायांखाली लपवलेले असतात. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असू शकते. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो आतल्या बोर्डात किंवा वरच्या पत्र्यात घुसतो. कागदावर लॅपटॉपची रूपरेषा काढून प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी चिकटपट्टीने चिकटवा.

झाकण कडेकडेने प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने उचला, धातूच्या टोकाने नाही. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी काढणं. काही जोडण्या वर उचलायच्या असतात, काही बाजूला सरकवायच्या. ओढण्याआधी वाकून नीट बघा आणि वायरला धरून कधीही खेचू नका. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि बोर्डाला हात लावण्याआधी जमिनीशी जोडलेल्या एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा. बॅटरी फुगलेली दिसली तर थंडाव्याचं काम बाजूला ठेवा. आधी बॅटरी बदलायची.

धूळ

खरी धूळ पंख्याच्या पात्यांवर नसते, ती पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत असते. तिथे तंतू अडकून राखाडी रंगाची चक्क वाकळ तयार होते. बाहेरून फुंकर किंवा ब्लोअर मारला, तर ती थोडी हलते आणि पुन्हा तिथेच बसते. पंख्याचे स्क्रू काढून तो बाजूला घ्या. वाकळ बहुतेक वेळा चिमट्याने अखंड निघते. उरलेलं मऊ ब्रशने. दाबाची हवा वापरणार असाल तर पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा नको तितक्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

परत बसवताना एक बारीक गोष्ट बघा. पंखा आणि जाळी यांच्या सांध्यावर काळी किंवा चंदेरी पट्टी असते, आणि जाळीच्या बाहेरच्या कडेला फोमची पट्टी. साफसफाईत या फाटतात आणि लोक त्या फेकून देतात. पहिली नसेल तर पंख्याची हवा जाळीत न जाता फटीतून आतच निसटते. दुसरी नसेल तर बाहेर पडलेली गरम हवा पंखा पुन्हा आत ओढतो. फाटली असेल तर उष्णता सहन करणारी पॉलिइमाइड टेप लावा.

निदान धुळीचं होतं आणि धूळ निघाली असेल, तर इथेच थांबा. झाकण लावा, पुन्हा मोजा. चालू असलेला सांधा विनाकारण उघडण्यात शहाणपणा नाही.

पेस्ट, पण नीट

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. बसवताना त्या क्रमाने आवळायचे, काढताना उलट क्रमाने, आणि प्रत्येक वेळी अर्धा-एक फेराच. एकच स्क्रू पूर्ण काढून मग दुसऱ्याकडे वळलात तर हीटसिंक एका कडेवर कलतो, आणि उघड्या डायचा कोपरा टवका उडायला तेवढं पुरतं. हीटसिंक चिकटून बसला असेल तर खेचू नका, किंचित डावीउजवीकडे पिळून सोडवा. वर उचलण्याआधी फोटो काढा. उचलल्यावरही काढा. कुठल्या चिपवर कुठलं पॅड, म्हणजे उष्णता वाहून नेणारी मऊ गादी, होतं, हे नंतर हमखास आठवत नाही.

आत चंदेरी, पाऱ्यासारखं काही चमकताना दिसलं, तर थांबा. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, लावलेलं असतं. ते विजेचं वाहक आहे. त्याचा थेंब बोर्डावर ओघळला तर शॉर्ट सर्किट ठरलेलं. अनुभव नसेल तर असा लॅपटॉप जाणकाराकडे द्या.

जुनी पेस्ट ९० टक्के किंवा त्याहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. डाय आणि तांब्याची पट्टी, दोन्ही. तांबं घासून चकचकीत करायचा मोह आवरा. पृष्ठभाग सपाट असणं महत्त्वाचं, आणि हाताने पॉलिश करताना नेमका तोच बिघडतो.

डेस्कटॉपसाठी मधोमध वाटाण्याएवढा ठिपका ठेवायला सांगतात, कारण वरचं धातूचं टोपण उष्णता पसरवतं. लॅपटॉपमध्ये तसं चालत नाही. उघड्या डायचा एक कोपरा कोरडा राहिला तर त्याखालचा कोअर भाजून निघतो. म्हणून पेस्ट डायच्या चारही कोपऱ्यांपर्यंत प्लॅस्टिकच्या पट्टीने पातळ पसरा. जास्त झाली तर दाबाने कडेला ढकलली जाते, साध्या पेस्टमध्ये त्याने नुकसान नाही. कमी पडली तर आहे.

पहिल्यांदा करत असाल तर एक चाचणी जरूर करा. पेस्ट लावा, क्रमाने स्क्रू आवळा, आणि पुन्हा काढून ठसा बघा. डायवर सगळीकडे सारखा, जवळजवळ पारदर्शक थर दिसला तर उत्तम. एका बाजूला जाड ढीग आणि दुसरीकडे पातळ असेल, तर हीटसिंक तिरका बसतोय. सगळीकडेच जाड असेल, तर काहीतरी त्याला वर उचलून धरतंय. हा गुन्हेगार नव्वद टक्के वेळा एकच असतो: जाड पॅड.

आता पेस्टचा प्रकार. उघड्या डायवर तापणं-निवणं चालू असतं, तांबं आणि सिलिकॉन कमी-जास्त प्रसरण पावतात आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. डेस्कटॉपवर वर्षानुवर्षं टिकणारी पेस्ट लॅपटॉपमध्ये काही महिन्यांतच दम सोडते ती यामुळे. म्हणून घट्ट पेस्ट निवडा, किंवा सरळ फेज-चेंज शीट वापरा. हनीवेलची पीटीएम७९५० ही त्यातली नावाजलेली. साध्या तापमानाला ती घन असते, साधारण ४५ अंशांना मऊ होऊन खळगे भरते आणि ढकलली जाण्याचा त्रास फारच कमी. नवख्यांना मी हीच सुचवेन. लावण्याआधी काही मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे संरक्षक कागद सहज सुटतो. कापून डायवर ठेवा, दोन्ही बाजूंचे कागद काढल्याची खात्री करा. पहिल्या दिवशीच्या आकड्यांवरून निकाल लावू नका. काही वेळा पूर्ण तापून निवल्यावर थर पातळ होतो आणि मग आकडे सुधारतात. नकली माल मात्र खूप आहे, विक्रेता पारखून घ्या.

लिक्विड मेटलची जाहिरातीतली वाहकता ७० च्या घरात असते, पण वरचं गणित आठवा: मिळणारा फायदा काही अंशांचाच. त्याच्यासाठी पत्करायची जोखीम बघा. त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला अक्षरशः पोखरतं, तांब्यातही हळूहळू मुरतं. पहिल्या प्रयोगात याच्या नादी लागू नका.

पॅडची जाडी

ग्राफिक्सची मेमरी आणि वीज नियंत्रित करणाऱ्या चिप यांच्यावर पॅड असतात, कारण तिथे हीटसिंक थेट टेकत नाही, अर्ध्या-एक मिलिमीटरची फट राहते. फाटले नसतील आणि ठसा स्पष्ट असेल, तर जुनेच राहू द्या. बदलायचे झाले तर जाडी तंतोतंत जुळवा, ०.५, १, १.५, २ मिलिमीटर अशा जाड्या मिळतात. जुनं पॅड दाबलेलं असतं, म्हणून न दाबलेल्या कडेपाशी मोजा. १ च्या जागी १.५ लावलं तर हीटसिंक डायवरून उचलला जातो आणि प्रोसेसर आधीपेक्षा जास्त तापतो. एकाच हीटसिंकखाली दोन-तीन वेगवेगळ्या जाड्या असतात. मोजता येत नसेल तर थर्मल पुट्टी बरी. ती कणकेसारखी मऊ असते आणि दाबली जाईल तेवढीच फट भरते.

"मग डायवरही पेस्टऐवजी पॅडच का नको?" असं हमखास विचारलं जातं. तेच गणित: १ मिलिमीटरचं, ६ वाहकतेचं पॅड डायवर ठेवलं तर एकट्या त्या थरात ५० अंश जातील.

मोठा हीटसिंक बसवता येतो का?

कधी कधी, आणि जमलं तर यासारखं दुसरं काही नाही. कंपन्या एकाच साच्यात दोन प्रकार काढतात: एक साधा, एक वेगळ्या ग्राफिक्स चिपचा. दुसऱ्याचा हीटसिंक मोठा असतो, आणि स्क्रूंच्या जागा सारख्या असतील तर तो साध्यातही बसतो. थिंकपॅड टी४८० आणि टी४४०पी या मॉडेलांत हा बदल बऱ्याच जणांनी केलेला आहे. घेण्याआधी सर्व्हिस मॅन्युअलमधला सुटा भाग क्रमांक जुळवा, आणि तुमच्या बोर्डावर जिथे ग्राफिक्सची चिप नाही तिथे हीटसिंकची मोकळी पट्टी एखाद्या भागाला टेकून शॉर्ट तर करत नाही ना, हे बघा. पंखा वेगळा असेल तर त्याची जाडी, जोडणीच्या पिना आणि व्होल्टेजही तपासा.

वापरलेला हीटसिंक आणलात तर बसवण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या. प्रोसेसरकडचं टोक गरम पाण्यात धरा आणि दुसऱ्या टोकाला बोट लावा. नळी जिवंत असेल तर काही सेकंदांत ते टोक तापतं. हाताला काहीच जाणवलं नाही तर नळी गेलेली आहे. हीच परीक्षा तुमच्या जुन्या हीटसिंकलाही लागू पडते. मग मात्र तो पूर्ण सुकवूनच बसवा.

इकडे-तिकडे तांब्याचे छोटे हीटसिंक चिकटवण्यात फारसा अर्थ नसतो. झाकणाखाली जागा नसते, आणि हवा लागत नसेल तर पत्रे असून उपयोग काय? पंख्याखाली झाकणाला भोकं पाडणं तर मला अजिबात पटत नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हवा मुद्दाम लांबच्या झडपांतून, एसएसडी आणि वीजपुरवठ्याच्या चिपांवरून ओढली जाते. जवळ भोक पाडलं की तो वारा बंद होतो.

पंखाच नसलेल्या लॅपटॉपचा प्रकार वेगळा. २०२० च्या एम१ मॅकबुक एअरमध्ये लोक हीटसिंक आणि खालचं झाकण यांच्यामध्ये थर्मल पॅड ठेवतात. वेग जास्त वेळ टिकतो हे खरं, पण ती उष्णता झाकणातून तुमच्या मांडीला लागते. कंपनीने तिथे फट ठेवली होती ती विसरून नव्हे.

बसवल्यावर

पंख्याची वायर जोडा, मग बॅटरी, मग झाकण. चालू केल्यावर पंखा फिरतो का ते ऐका, आणि पहिल्यासारखीच १० मिनिटांची चाचणी त्याच खोलीत, त्याच चार्जरवर, त्याच पॉवर मोडमध्ये घ्या. आकडे पूर्वीपेक्षा वाईट आले तर पुन्हा उघडून पॅडची जाडी आणि स्क्रूचा क्रम तपासा.

आकडे तसेच राहिले आणि वॅटही वाढले नाहीत, तर अडथळा बहुधा सॉफ्टवेअरचा. निर्माते वॅटची वरची मर्यादा बांधून ठेवतात, काही जण लॅपटॉपच्या बाहेरच्या कवचाचं तापमान धरूनही वेग रोखतात. तिथे पेस्टचं काही चालत नाही. उलट तुम्हाला वेगापेक्षा शांतता हवी असेल, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती ९९ टक्के करून बघा; बऱ्याच लॅपटॉपवर त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो आणि तापमान एकदम खाली येतं. अंडरव्होल्टिंगबद्दल, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करण्याबद्दल, जुने लेख भरभरून लिहितात, पण २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षा त्रुटी उघड झाल्यापासून अनेक इंटेल लॅपटॉपवर ती सोय बायॉसमधूनच, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमधूनच, बंद केलेली आहे. तुमच्याकडे ती चालू असेल तर एका वेळी थोडं थोडं व्होल्टेज कमी करा, आणि प्रत्येक पायरीनंतर तीच १० मिनिटांची चाचणी.